शीटचं दुसरं टोक

तिला सगळे सपाटबाई म्हणत. अंगानं ती चांगली भरलेली होती, त्यामुळे हे नाव ऐकून नवा माणूस आधी गोंधळायचा. तिचं काम पाहिलं की मग त्याला उलगडा व्हायचा. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर चिकटणाऱ्या टाइल्स लावणं हा तिचा धंदा. सिमेंट नको, गवंडी नको, घरभर धूळ नको. मागचा कागद सोलायचा आणि शीट भिंतीला चिकटवायची. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं आहे. मग लोक हौसेनं स्वतःच करायला जातात, दोन दिवसांत भिंतीला पुरळ उठल्यासारखे बुडबुडे येतात, कोपरे मान टाकतात, आणि सपाटबाईला फोन जातो. ती यायची, डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवायची आणि कामाला लागायची. काम संपलं की पुन्हा तसाच तळवा फिरवून एकच शब्द बोलायची, "सपाट." त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

तिचा नवरा शिंपी होता, घरातच मशीन टाकून बसायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, मी जोडतो त्याची शिवण दिसते, ही जोडते त्याची दिसत नाही. मूलबाळ नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं.

हा हात तिला आईकडून आला होता. आई बुकबाइंडिंगच्या कारखान्यात होती. उभा जन्म पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात गेला, हजारो पुस्तकं तिच्या हातांखालून गेली, पण एकाचंही नाव तिला वाचता आलं नाही. अक्षरओळखच नव्हती. मापं ती वीत आणि बोटांनी घ्यायची आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघा ओढायची: एका वितेला एक लांब रेघ, एका बोटाला एक आखूड. घरी मैद्याची खळ शिजवायची, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची. ती हिरवट निळी खळ आणि तिचा आंबूस वास यातच तिच्या दोन मुली वाढल्या. थोरली ही, आणि हिच्याहून तीन वर्षांनी लहान ती धाकटी. मोठा कागद चिकटवायचा असला की आई एकीला एक टोक धरायला लावायची, दुसरं स्वतः धरायची. मधून कडेकडे हात फिरव, हवेला वाट दे, असं शिकवायची. कोपरा टोकदार कापू नकोस, गोल काप, टोकदार कोपरा आधी सुटतो. आणि अगदी शेवटी, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात नखभर जागा चिकटवायची नाही, तिथला कागद त्रिकोणी दुमडून आत सारायचा. कशाला, असं एकदा धाकटीनं विचारलं होतं. आई म्हणाली होती, "उद्या कुणाला सोडवायचं झालं तर त्याला सुरुवात सापडली पाहिजे."

आई गेली त्याला सोळा वर्षं झाली होती. शेवटचे दोन महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि दोघी बहिणी आळीपाळीनं तिच्याजवळ बसत. ज्या दुपारी ती गेली ती धाकटीची पाळी होती, आणि धाकटी घरात नव्हती. संध्याकाळी सपाटबाई पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. धाकटी उंबऱ्यात बसलेली होती. चार माणसांदेखत सपाटबाईनं तिला विचारलं, "तू होतीस कुठे?" धाकटी काही बोलली नाही. दिवसकार्य आटोपल्यावर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. त्यानंतर ना फोन, ना निरोप. पुढे सपाटबाई जिथे कामाला होती तो आईचाच कारखाना बंद पडला, बाजारात या चिकटणाऱ्या टाइल्स आल्या आणि सपाटबाई या कामात शिरली. धाकटीही हेच काम करते, एवढं तिच्या कानावर आलं होतं. एकाच शहरात, एकाच धंद्यात, सोळा वर्षं एकमेकींचं तोंड बघायचं नाही म्हणजे त्यालाही चिकाटी लागते.

तर एका सकाळी एका निवृत्त नर्सबाईंचा फोन आला. चौथ्या मजल्यावरचं घर, ओट्यामागच्या जुन्या टाइल्स पिवळ्या पडल्या आहेत, त्या काढून नव्या लावायच्या. शेजारणीनं नंबर दिला, म्हणाल्या. सपाटबाई पिशवी घेऊन गेली. पिशवीत कटर, स्टीलची पट्टी, टेप, स्पिरिटची बाटली, फडकी आणि जुना चिकटा मऊ करायला केस वाळवायचं यंत्र. नर्सबाईंनी दार उघडलं, तिच्याकडे बघून ओळखीचं हसल्या आणि तिला आत स्वयंपाकघरात नेऊन सोडलं. घर लख्ख होतं. एकट्याच राहत होत्या.

भिंतीवर चार शीट होत्या. सपाटबाईनं सवयीनं डोळे मिटून तळवा फिरवला आणि तिचा हात मधेच थांबला. एकही बुडबुडा नव्हता. सांधा कुठे आहे तो बोटांना लागत नव्हता. तिनं डोळे उघडून स्विचबोर्डाकडे पाहिलं. बोर्डाभोवतीचे चारही कोपरे गोल कापलेले होते. ती खाली वाकली, उजव्या हाताच्या शेवटच्या कोपऱ्याशी नख नेलं, आणि नखभर कागदाचा त्रिकोण अलगद बाहेर आला.

हे तिचंच काम होतं. स्वतःच्या हाताचं काम माणूस ओळखतो, तिथे चूक होत नाही. पण या घरात ती आयुष्यात कधी आली नव्हती.

 मग तिनं स्वतःलाच दटावलं. जगात असा हात असलेलं दुसरं माणूस आहेच की. धाकटी. दुसरं कोण असणार. तिनं बाहेरच्या खोलीत डोकावून नर्सबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, आधीचं काम कुणाकडून करून घेतलं होतं.

नर्सबाई पेपर वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाकडून म्हणजे? तुम्हीच तर आला होतात."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, त्या सांगू लागल्या. तेव्हा त्यांची नोकरी चालू होती. शीट त्यांनी स्वतःच आणल्या होत्या, दोनदा लावायला जाऊन हात टेकले होते, आणि उरलेल्या शीट महिनाभर कोपऱ्यात पडून होत्या. एका दुपारी बेल वाजली. दारात एक बाई उभी. शेजारणीनं पाठवलं असेल असं समजून यांनी आत घेतलं. बाई काही बोलल्या नाहीत. दोन तासांत चारही शीट लावल्या, चहा केला होता तो तसाच ठेवला आणि गेल्या. यावेळी दार उघडलं तर समोर त्याच बाई.

"तेव्हा केस मात्र सगळे पांढरे होते तुमचे," नर्सबाई म्हणाल्या. "आता रंग लावता, ते बरं दिसतं."

सपाटबाई केसांना रंग लावत नव्हती. तिनं तसं सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, ती मी नसेन, माझी बहीण असेल.

नर्सबाईंनी पेपर खाली ठेवला. "आणखी एक लक्षात आहे माझ्या. पाण्याचा पेला देताना बोटांना बोटं लागली. जन्मभर लोकांच्या नाड्या बघितल्या आहेत मी. इतके गार हात मी फार थोडे पाहिलेत, आणि ते चालत्याबोलत्या माणसांचे नव्हते." एवढं बोलून त्या स्वतःच जरा ओशाळल्या, थंडीचे दिवस असतील म्हणाल्या आणि पुन्हा पेपरात शिरल्या.

सपाटबाई ओट्याशी परत आली. गरम हवा मारायची वेळच आली नाही. त्या त्रिकोणाला धरून ओढलं तशी पहिली शीट हलक्या हातानं, कुरकुर न करता, अखंड सुटून आली. असल्या शीटमागे कारखान्यातला पांढरा डिंक असतो, तो भिंतीवर चिंध्यांसारखा राहतो आणि खरवडून खरवडून जीव जातो. इथे डिंकाचा मागमूस नव्हता. भिंतीवर एक पातळ, वाळलेला, हिरवट निळा थर होता. तिनं बोट ओलं करून त्यावर घासलं आणि नाकाशी नेलं. आंबूस वास आला. मोरचूद घातलेली मैद्याची खळ. प्लास्टिकच्या शीटला खळ धरतच नाही, हे कुणीही सांगेल. ही सहा वर्षं धरून होती.

दुसऱ्या कुणी पिशवी आवरून काढता पाय घेतला असता. पण हातात घेतलेली भिंत उघडी टाकून जायची नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिनं दोन शीट काढल्या, स्पिरिटनं भिंत पुसली, कोरडी होऊ दिली. नव्या शीट चार फूट लांब होत्या. ती एकटी काम करायची, म्हणून लांबच्या टोकाला आधी चिकटपट्टीचा तुकडा लावून ते भिंतीला टांगायची आणि मग जवळच्या टोकापासून सुरुवात करायची. त्या दिवशी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चिकटपट्टी पिशवीतच राहिली. तिनं मागचा कागद सोलला, शीट उचलली, जवळचं टोक रेघेला लावलं, आणि मग तिला आठवलं की पलीकडचं टोक टांगलेलंच नाही. ते आता खाली येणार, शीट स्वतःवरच दुमडून चिकटणार आणि वाया जाणार.

टोक खाली आलं नाही.

शीट सरळ राहिली. नुसती अडकल्यासारखी नव्हे. जाणत्या माणसानं धरल्यासारखी, किंचित ताण देऊन, भिंतीपासून चार बोटं लांब. सपाटबाईचा तळवा मधून कडेकडे सरकू लागला तसतसं पलीकडचं टोक भिंतीकडे येत गेलं, ना घाईनं, ना उशिरानं. हवा निघून गेली. शेवटची वीतभर उरली तेव्हा टोकावरचा ताण सुटला आणि कडा आपसूक भिंतीला टेकली. या सगळ्या वेळात तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर काय दिसलं असतं, ते तिला आजही ठाऊक नाही. नजर समोरच्या एका चौकोनावर ठेवून ती उभी राहिली, आणि मानेवरचे केस हळूहळू खाली बसेपर्यंत तशीच राहिली.

"कोणी आलंय का तुमच्याबरोबर?" दारातून नर्सबाईंनी विचारलं. सपाटबाई नाही म्हणाली. नर्सबाईंनी स्वयंपाकघरात चारी बाजूंना पाहिलं. बोलणं नव्हतं ऐकू आलं, त्या म्हणाल्या; कोणीतरी हं, हं करत होतं. मूल चांगलं काही करत असलं की मोठी माणसं करतात तसं.

उघडी भिंत झाकायला दुसरी शीट लावून, उरलेल्या दोन उद्या लावते असं सांगून सपाटबाई तिथून निघाली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की तिला रडू येत नाहीये आणि पळावंसंही वाटत नाहीये. धाकटीला विचारायचं, एवढंच डोक्यात होतं. ती थेट शीट विकणाऱ्या दुकानदाराकडे गेली. धाकटीही त्याच्याकडूनच माल नेत असणार असा तिचा अंदाज होता, आणि तो खरा ठरला. दुकानदारानं वहीतला पत्ता कागदावर उतरवून दिला. मग कानामागे पेन अडकवत म्हणाला, "ताई, गंमत बघा. मागच्या महिन्यात त्यांनी तुमचा पत्ता नेला. आल्या नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाकटीच्या दारात उभी राहिली. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, बाहेर दोरीवर फडकी वाळत घातलेली. धाकटीनं दार उघडलं. सोळा वर्षांत तिची हनुवटी अगदी आईसारखी झाली होती. केस मात्र काळे होते, कानाशी चार पांढरे. सपाटबाईनं आधी केसच बघितले.

"आलीसच आहेस तर आत ये," धाकटी म्हणाली.

पाणी दिलं, बसायला दिलं. सपाटबाई कसं सुरू करावं याची जुळवाजुळव करत होती तोवर धाकटीच म्हणाली, "ताई, एक विचारू? किती दिवस माझ्यापुढे पुढे फिरणार आहेस तू?"

तिचं म्हणणं असं होतं. गेल्या चार वर्षांत तिला अशी तीन घरं लागली होती. नवीन गिऱ्हाईक, नवीन पत्ता, आणि ओट्यामागे आधीच लावलेलं काम बघावं तर गोल कोपरे, नखभर त्रिकोण. तिन्ही ठिकाणी लोक सांगत, तुम्हीच तर आला होतात. पहिल्यांदा तिला राग आला. ताई मुद्दाम माझ्या भागात येते आणि काम करून जाते, मला दाखवायला. तिसऱ्यांदा राग गेला आणि वाटलं, ताईला काहीतरी सांगायचंय आणि तिला तोंडानं सांगता येत नाहीये. ताईनं मधे घर बदललं होतं, म्हणून दुकानातून पत्ता आणला होता. जायचा धीर झाला नव्हता.

"मी नाही ती," सपाटबाई म्हणाली. "मी आले ते तूच असशील असं धरून."

 बाहेर कुणीतरी दोरीवरची फडकी झटकून उलटी घातल्यासारखा आवाज झाला. धाकटी उठली, कपाटामागून एक गुंडाळी काढली आणि जमिनीवर पसरली. तिसऱ्या घरातून सोडवून आणलेली शीट होती. तिनं ती उलटी केली. पाठीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. तीन लांब, दोन आखूड.

तीन विती, दोन बोटं. दोघी बहिणी टेपनं मापं घेत, आकडे लिहीत. दोघींना आईनं शाळेत घातलं होतं. सपाटबाईनं त्या रेघांवर आपली वीत ठेवून पाहिली, मग शीटच्या लांबीवर. तिच्या वितेनं माप जुळेना. धाकटीच्याही नाही. आईचा हात लहान होता.

धाकटीनं शीट पुन्हा गुंडाळली. 

गुंडाळी मांडीवर घेऊन ती म्हणाली, त्या दुपारचं सांगते. आईनंच तिला पाठवलं होतं. ताईला बोलाव, आत्ताच्या आत्ता, म्हणाली होती. धाकटी धावत ताईच्या घरी गेली, दाराला कुलूप, दाजीही गावाला गेलेले. कारखान्यात गेली, तिथे कळलं ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली आहे. मग आणखी दोन ठिकाणी शोधलं. परत आली तोवर आई गेली होती.

"तू मला विचारलंस, तू होतीस कुठे," धाकटी म्हणाली. "मी तुला शोधत होते. पण ते तिथे सांगितलं असतं तर सगळ्यांनी तुला विचारलं असतं, तू कुठे होतीस. म्हणून नाही बोलले."

  मग तू होतीस कुठे, हे धाकटीनं ताईला विचारलं नाही. तिनं आतून आपली पिशवी आणली आणि म्हणाली, चल, तुझ्या त्या बाईंच्या दोन शीट राहिल्यात ना.

नर्सबाईंनी दार उघडलं तेव्हा सपाटबाईनं ओळख करून दिली, ही माझी धाकटी बहीण. नर्सबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सवयीनं बोटं मनगटावर टेकवली. जरा थांबल्या. मग मान हलवली. "नाही. ह्या नव्हेत. ह्यांचा हात चांगला गरम आहे." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. इस्पितळात तीस वर्षं काढलेल्या माणसाला काय विचारायचं नसतं तेही कळतं. दोघींनी मिळून दोन शीट लावल्या. एकीनं एक टोक धरलं, दुसरीनं दुसरं. त्या दिवशी तिथे तिसरं कुणी आलं नाही, निदान दोघींना तसं जाणवलं नाही.

पुढे दोघी एकत्रच काम करू लागल्या. नवऱ्यानं सपाटबाईला विचारलं, सोळा वर्षांचं एका दिवसात कसं मिटलं. ती म्हणाली, कोपरा सापडला. त्यानं मशीनवरून मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा शिवायला लागला. भांडण मिटलं होतं हे खरं, पण सपाटबाईनं धाकटीच्या त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. वर्ष गेलं. या वर्षात आणखी दोन तशी घरं लागली. प्रत्येक वेळी ती भिंत बघून धाकटी म्हणायची, इथेही येऊन गेलेली दिसते, आणि जणू शेजारीण डोकावून गेली असावी तशी कामाला लागायची. सपाटबाईला ते जमत नव्हतं. तिला दर वेळी वाटायचं, आई काम करायला येत नाही. ती अजून कुणाची तरी वाट बघते आहे, आणि वाट बघता बघता रिकामं बसवत नाही म्हणून हात चालवते आहे. तिला भूक लागेनाशी झाली. घरातल्या घरात ती भिंतींपासून लांबून चालायला लागली.

मग एका नव्या इमारतीचं काम आलं. गिऱ्हाइकांना दाखवायला एक घर सजवायचं होतं, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट अजून सुरू व्हायची होती. सकाळी नऊला दोघी फाटकाशी पोचल्या. वॉचमननं नोंदवहीत सही घेतली आणि म्हणाला, तुमच्यातल्या एक बाई आधीच वर गेल्यात.

दोघी जिना चढल्या.  घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत नव्या रंगाचा वास, खिडक्या बंद, काचांवर अजून कारखान्याचा निळा कागद, त्यामुळे सगळ्या घरात निळसर उजेड. स्वयंपाकघरात ओट्यामागे तीन शीट लागलेल्या होत्या. चौथी वरच्या कडेनं भिंतीला टेकवलेली होती आणि खालचं टोक मोकळं होतं. ते हळूहळू हलत होतं. कुणीतरी आत्ताच हातातून सोडल्यासारखं. वारा यायला कुठून जागा नव्हती. ओट्यावर खळीचा एक थेंब होता, ओला.

 धाकटीनं सपाटबाईचा दंड धरला.

"आई," सपाटबाई म्हणाली. शीटचं टोक हलायचं थांबलं.

मग ती बोलली. आवाज तिचा तिलाच परका वाटत होता. त्या दुपारी तिनं रजा टाकली होती ती लवकर आईकडे जाऊन तिच्याजवळ बसायला. बसमध्ये बसली. आईच्या घराचा थांबा आला आणि तिला उठवेना. त्या खोलीतला वास, आईचा तो घरघरणारा श्वास, आणखी एक दिवस ते बघायची ताकद नव्हती. ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथून परतीच्या बसमध्ये बसली आणि पुन्हा घराचा थांबा चुकवला. असं तीनदा केलं. "तू बोलावत होतीस तेव्हा मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होते," ती म्हणाली. "मला यायचं नव्हतं. कामात नव्हते, अडकले नव्हते. मला यायचंच नव्हतं."

उत्तर आलं नाही. हुंकारही आला नाही. निळा उजेड तसाच होता, आणि त्या उजेडात मोकळं टोक निश्चल लोंबत होतं.  मग सपाटबाई पुढे झाली, तिनं ते टोक धरलं. तिला ते कोमट लागलं, पण हे तिनं धाकटीला फार पुढे सांगितलं, तेव्हाही खात्री नसल्यासारखं. धाकटीनं मधून हात फिरवायला सुरुवात केली. शीट बसली.

काम झाल्यावर दोघी खालच्या पायरीवर बसल्या. धाकटीनं डबा उघडला आणि दोघींच्या मधे ठेवला. सपाटबाईनं खाल्लं, बऱ्याच दिवसांनी पोटभर.

"कुठली बस होती?" धाकटीनं विचारलं.

सपाटबाईनं नंबर सांगितला.

धाकटी चावायची थांबली.  "मी तुला शोधायला त्याच रस्त्यानं उलट्या बाजूच्या बसनं गेले," ती म्हणाली. "म्हणजे कुठेतरी आपण एकमेकींच्या शेजारून गेलो असू." मग तिनं डबा ताईकडे सरकवला. "घे. शेवटचा घास तू खा, मला पुरे झालं."

त्यानंतर तसलं घर दोघींपैकी कुणालाही लागलं नाही. सुरुवातीला धाकटी नव्या ठिकाणी गेली की आधी खालचा कोपरा तपासायची. मग तिनंही सोडलं. सपाटबाईला आता साठ उलटली आहेत, गुडघे बोलतात, स्टुलावर चढायचं काम धाकटी करते. लोक अजून तिला सपाटबाई म्हणतात. कुणी कधी विचारलंच, की बाई, एवढ्या घरांत एकट्यानं काम केलंत, कधी भीती नाही वाटली, तर ती म्हणते वाटली. कसली, ते सांगत नाही.